कागदावरची बहीण

एन्सियो दुमलाव गेला तो शेवग्याच्या झाडाखाली. हवाईतल्या वाइपाहूत त्यांच्या घरामागे ते झाड होतं. सकाळी भाजीला पाला ओरबाडून आणतो म्हणून गेला, तिथल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर जरा टेकला आणि तसाच राहिला. आत त्याची बायको लिओनिदा लसणीचा भात परतत होती आणि कॉफी गार होतेय म्हणून त्याला बोल लावत होती. चांगली वीस मिनिटं तिचं तोंड चालू होतं. पाला आणायला गेलास की झाड लावायला, असंही म्हणाली. ऐकणारा केव्हाच निघून गेला होता. पासष्ट वर्षांचा माणूस, परवा-परवापर्यंत छपरावर चढून पन्हळी साफ करत होता.

गेलेल्या माणसाबद्दल सगळेच चांगलं बोलतात, त्याला काही अर्थ नाही. पण एन्सियोबद्दल तो जिवंत असतानाही कुणी वाईट बोललेलं ऐकिवात नाही, आणि वाइपाहूतली आपली माणसं काही तोंडाची गोड नाहीत. १९८१ साली फिलिपिन्सच्या इलोकोसमधल्या बकार्रा गावातून तो हवाईत आला. आधी ऊस तोडला, मग साखर कारखान्यात चुलाण्यावर उभा राहिला. पंच्याण्णव साली कारखान्याचा भोंगा बंद झाला तेव्हा पुरुष महिनाभर अंगणात कोंबडे कुरवाळत बसले. हा दुसऱ्याच दिवशी वाइकिकीतल्या एका हॉटेलात चादरी धुवायला रुजू झाला. संध्याकाळी विमानतळावर झाडू. दोन नोकऱ्या, आणि मधल्या वेळात पोराला शाळेतून आणायचं, पोरीची वेणी घालायची. वेणी तो लिओनिदापेक्षा चांगली घालायचा. याचा तिला राग यायचा, आणि मैत्रिणींना सांगताना तिच्या अंगावर मूठभर मांसही चढायचं.

पोरगा रोहेलियो आता होनोलुलूत बस चालवतो. धाकटी आयलीन नर्स आहे. दोघांना तातांगने काही कमी पडू दिलं नाही. तातांग म्हणजे बाप. हा शब्द लक्षात ठेवा, कारण पुढे सगळं घोडं तिथेच अडणार आहे.

बकार्रात राहिलेल्या धाकट्या बहिणीवरही त्याचा फार जीव. पर्लिता तिचं नाव. दर नाताळाला तिच्यासाठी माणूस मावेल एवढा खोका भरून जायचा. त्यात साबण, डबाबंद मांस, चॉकलेटं, टॉवेल आणि बूट. बुटांसाठी दरवर्षी तिकडून पत्रातून कागद यायचा. वहीच्या कागदावर पाऊल ठेवून पेन्सिल फिरवलेली असायची. तो कागद कापून एन्सियो खिशात ठेवायचा आणि दुकानात बुटाच्या आत घालून बघायचा. दुकानातल्या पोरी हसायच्या. पाऊल वाढायचं थांबलं तरी तो कागद मागवायचा. बाईमाणसाचं पाऊल बाळंतपणात वाढतं म्हणायचा.

घरातली मागची खोली त्याने पर्लितासाठी ठेवली होती. भिंतींना पिवळा रंग दिला होता, पलंग आणून ठेवला होता. गादीवरचं प्लास्टिक कुणी काढायचं नाही, ती आल्यावर तीच काढेल, असा हुकूम होता. आयलीन एकदा चिडून म्हणाली होती, की बहिणीचं एवढं कौतुक करणारा भाऊ मी तरी पाहिला नाही, आमचा रोहेलियो मला साधा फोन करत नाही. लिओनिदा भांडी घासायला उठली. भांडी सगळी घासलेलीच होती.

पर्लिता एन्सियोची बहीण नव्हती. ती त्याची मुलगी होती, पहिली, त्याची आणि लिओनिदाची.

झालं ते असं. एन्सियोचा बाप मार्सेलो सेहेचाळीस सालापासून वाइपाहूत ऊस तोडायचा. त्याने पोराला बोलावण्यासाठी अर्ज केला तो ‘अविवाहित मुलगा’ म्हणून. त्या कागदाला सहा वर्षं लागली. सहा वर्षं एक तरणाताठा माणूस नुसता कागदाची वाट बघत बसेल, असं फक्त सरकारलाच वाटू शकतं. एन्सियोने लिओनिदाशी गावच्या वडीलधाऱ्यांसमोर लग्न लावलं, नोंद न करता. ऐंशी साली पर्लिता झाली. आणि वर्षाच्या आत कागद आला. मुलगा अविवाहित, अपत्य नाही, चला या.

मग बकार्रात अशा वेळी जे करायचे तेच केलं. पोरगी आजीच्या, म्हणजे एन्सियोच्या आईच्या, नावावर लावली. आजी तेव्हा सेहेचाळीस वर्षांची, आणि पोरीच्या जन्माच्या वेळी मार्सेलो सुट्टीवर येऊन गेल्याला दीड वर्ष उलटलेलं. नोंदणीच्या कारकुनाने बोटं मोजली, आजीकडे बघितलं आणि म्हणाला, तुमची पोरं जरा सावकाश येतात वाटतं. आणि शिक्का मारला. त्याच्या स्वतःच्या घरात असंच एक लेकरू होतं म्हणतात. गावात कुणी नावं ठेवली नाहीत. ‘दोन वर्षांचा तर प्रश्न आहे,’ एन्सियो म्हणाला होता.

दोन वर्षांनी तो आला, लिओनिदाशी चर्चमध्ये रीतसर लग्न केलं, मग रोहेलियो झाला. लिओनिदाचे आणि रोहेलियोचे कागद अठ्ठ्याऐंशीत आले. पर्लिताचे येणार कुठून? कागदावर ती एन्सियोची कुणी लेक नव्हतीच. मार्सेलो असता तर ‘माझी मुलगी’ म्हणून त्याने तरी बोलावली असती, पण तो शहाऐंशीतच गेला होता. खरं सांगावं, तर एन्सियोने येतानाच खोटं लिहून दिलं होतं हे उघडं होणार, आणि मग त्याच्यासकट बायको, पोरगा, सगळ्यांनाच परत पाठवतील ही धास्ती. झाकली मूठ झाकलेलीच राहिली. आठ वर्षांची पोर आजीचा झगा धरून उभी होती, आणि लिओनिदा जीपमध्ये चढली. त्या दिवशी तिने मागे वळून बघितलं नाही. लोक म्हणाले, काय खंबीर बाई आहे. ती खंबीर वगैरे काही नव्हती. वळली असती तर उतरली असती, म्हणून वळली नाही.

पर्लिता बापाला मानोंग म्हणायची. मानोंग म्हणजे थोरला भाऊ. आपल्यात कुणाही मोठ्या पुरुषाला मानोंग म्हणतातच, त्यामुळे कुणाच्या कानाला खटकायचं नाही. आईला ती वहिनी म्हणायची. खरं काय ते तिला अकराव्या वर्षी शेजारच्या एका पोरीने भांडणात सांगितलं. तिने घरी येऊन आजीला विचारलं, आजीने डोळ्याला झग्याचं टोक लावलं, आणि प्रश्न मिटला. त्यानंतर मानोंग सुट्टीवर आला की ती त्याच्या ताटात मासा वाढायची, काटे काढून. तोही मुकाट्याने जेवायचा. दोघांपैकी कुणीही कधी तो विषय काढला नाही.

नागरिक झाल्यावर, सत्त्याण्णव साली, एन्सियोने तिच्यासाठी अर्ज केला. पोटच्या पोरीला बहीण म्हणून बोलावलं, कारण कागदावर ती बहीणच होती. भावाबहिणींची रांग बावीस-तेवीस वर्षांची. त्याने ती वर्षं मोजत काढली. यंदा इस्टर झाला आणि पत्र आलं, की नंबर लागतोय, कागदपत्रं तयार ठेवा. त्या दिवशी एन्सियोने पिवळ्या खोलीची खिडकी पुसली, दोनदा.

आणि आता तो गेला. रोहेलियोने एका वकिलाला विचारलं. अर्ज करणारा गेला की अर्जही गेला, वकील म्हणाला. मयतीला येण्यासाठी पर्लिताने व्हिसा मागितला, तोही मिळाला नाही. इतकी वर्षं तिकडे जायच्या रांगेत उभी आहेस, गेलीस तर परत कशाला येशील, असा खिडकीवरच्या माणसाचा सवाल. त्याचंही काही चुकलं नाही म्हणा.

अंत्यदर्शनाच्या आदल्या दिवशी पर्लिताचा फोन आला. लिओनिदा पिवळ्या खोलीत जाऊन दार लावून बोलली. इकडचं तिकडचं झालं. फुलं कुठली, पेटी कसली, मानोंगला कोणता सदरा घातला.

‘वहिनी, अर्ज तर गेला,’ पर्लिता म्हणाली. ‘मग आता आपण खोटं कुणासाठी बोलायचं?’

लिओनिदाने दार नीट लागलंय ना ते बघितलं.

‘उद्या तुम्ही फोन लावाल ना, तेव्हा मला एकदा तातांग म्हणू दे. पेटी बंद व्हायच्या आधी. एकदाच. जन्मात म्हटलं नाहीये मी.’

यावर लिओनिदाने जे सांगितलं ते सगळं खरंच होतं. रोहेलियोचे कागद बापाच्या कागदांवर उभे आहेत. चर्च भरलेलं असेल, फोनचं चित्रण होतं, कुणाच्या मनात काय येईल सांगता येत नाही. रोहेलियोची नोकरी सरकारी, त्याची दोन पोरं. शिवाय रोहेलियो-आयलीनला यातलं काही ठाऊक नाही. बापाच्या मयतीत बाप खोटा होता म्हणून सांगायचं का त्यांना? आयलीन कशी आहे तुला माहीत नाही, ती उभी आग आहे. असं बरंच काही ती बोलत राहिली, आणि बोलता बोलता तिचं तिलाच कळलं, की यातलं निम्मं भीतीपोटी आहे आणि निम्मं लाजेपोटी. जीपमध्ये चढलेल्या बाईला पोरांसमोर उभं राहायची लाज.

‘बरं, वहिनी,’ पर्लिता म्हणाली.

भांडली असती तर बरं झालं असतं. ही पोर कधी भांडलीच नाही. लिओनिदा त्या प्लास्टिक घातलेल्या गादीवर बसून रडली. उठून तोंड धुतलं आणि आलेल्या बायकांसाठी कॉफी ठेवली.

दर्शन शनिवारी दुपारी चारला होतं. बकार्रात तेव्हा रविवारचे सकाळचे दहा वाजले होते. जपमाळ झाली, पाद्री थोडं बोलून बाजूला बसला. मग पुरिंग उठली.

हेल काढून रडणं, आपलं दुंग-आव, आता फार कुणाला येत नाही. तरण्या पोरींना लाज वाटते. पण बकार्राच्या माणसाला दुंग-आव केल्याशिवाय पाठवायचं म्हणजे अंघोळ न घालता पाठवण्यासारखं आहे. पुरिंग लिओनिदाची शेजारीण, माहेरही बकार्राचंच. एरवी तिच्या जिभेला हाड नाही, पण मयतीत तिच्यासारखी बाई नाही. डोक्यावर काळा रुमाल घेतला, पेटीच्या काठावर हात ठेवला आणि हळूहळू, रडत-गात सुरू केलं. पुठ्ठ्याची पेटी घेऊन आलास रे एन्सियो. उसाच्या पात्यांनी हात कापून घेतलेस. कारखाना बंद झाला, तू बंद झाला नाहीस. परक्यांच्या चादरी धुतल्यास आणि स्वतःच्या उशीवर कधी सात तास निजला नाहीस. माझी गाडी बंद पडली की तूच यायचास, आणि पैसे घ्यायचा नाहीस, आता मेल्या मी कुणाला बोलावू? यावर लोक रडता रडता हसले. दुंग-आवमध्ये असं हसू यावं लागतं, नाहीतर ते खरं नाही.

आयलीनने फोन एका खुर्चीवर उभा करून ठेवला होता, फुलांच्या शेजारी, पडदा पेटीकडे केलेला. पहिल्या बाकावर बसलेल्या लिओनिदाला तो बाजूने दिसत होता. पडद्यावर बकार्रातलं घर होतं, भिंतीवर एन्सियोचा फोटो, खाली मेणबत्त्या, आणि समोर काळ्या कपड्यांत पर्लिता. केस आवळून बांधलेले. हनुवटी अगदी बापाची. इतक्या वर्षांत कुणाला ती हनुवटी दिसली कशी नाही, याचं लिओनिदाला नवल वाटलं.

आधी बायकोने बोलायचं, मग मुलांनी, मग भावंडांनी. हा क्रम ठरलेला. लिओनिदाचं बोलणं फार झालं नाही. कॉफी गार झाली म्हणून ओरडले, माफ कर, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणाली आणि तिचा घसा बसला. पुरिंगने तिला धरून बाकावर आणलं.

मग पुरिंगने पेटीपाशी जाऊन आवाज चढवला. ‘मुलांनो, या. बापाला हाक मारा. थोरलं असेल ते आधी या.’

रोहेलियो कोटाचं बटण लावत उठला. लिओनिदाचं लक्ष त्याच्याकडे नव्हतं. ती पडद्याकडे बघत होती.

पडद्यावर पर्लिता उठली होती.

थोरलं आधी या म्हटल्यावर ती उठली, दोन्ही हात पुढे घेऊन, पाऊल टाकण्यासाठी. तिने काही ठरवलं नसणार, शरीर आपोआप उठलं असणार. मग तिला आठवलं. तिने इकडे तिकडे बघितलं, कुणी बघितलं तर नाही ना म्हणून, झगा सारखा केला आणि पुन्हा खाली बसली. हात मांडीवर ठेवले. आपली पाळी यायची वाट बघत बसली, भावंडांची पाळी.

लिओनिदाला काय झालं ते तिला सांगता येणार नाही. तिला एवढंच वाटलं, की आता हे बघून मी बसून राहिले, तर माझ्यासारखी रांड जगात दुसरी नाही. तिने बाकाचा काठ धरला आणि उभी राहिली.

‘पुरिंग, थांब. रोहेलियो, तूही थांब. थोरला तू नाहीस.’

रोहेलियो पेटीपर्यंत पोचला होता. त्याला वाटलं आईचं डोकं फिरलं. ‘नानांग, बस,’ तो हलक्या आवाजात म्हणाला. ‘बस तू.’

‘थोरली ती आहे,’ लिओनिदाने फोनकडे बोट केलं. ‘पर्लिता. ती त्याची बहीण नाही. माझ्या पोटची आहे. आमची पहिली. कागदासाठी आम्ही तिला बहीण केलं आणि तिकडे ठेवून आलो. काय व्हायचं ते होऊ दे आता. तिला आधी बोलू दे.’

लोकांनी माना खाली घातल्या. लिओनिदाने आयुष्यभर ज्या क्षणाला भिऊन दिवस काढले, तो असा आला, आणि कुणी दचकलंसुद्धा नाही. बकार्राच्या त्या म्हाताऱ्या माणसांत एकही नव्हता ज्याला हे ठाऊक नव्हतं. पुरिंग रुमालाने नाक पुसत म्हणाली, ‘चाळीस वर्षं मी तोंड शिवून बसले होते. दुसऱ्या कशाबद्दल बसले असते तर मला संत केलं असतं.’ ठाऊक नव्हतं ते फक्त दोघांना, ज्यांच्यासाठी सगळं झाकलं होतं त्यांनाच.

रोहेलियो पेटीचा काठ धरून उभा राहिला. तो बापाकडे बघत होता, नुसता बघत होता. आयलीन उठली. लिओनिदाने डोळे मिटून घेतले, आता ही काय बोलेल ते ऐकायला. आयलीन सरळ खुर्चीपाशी गेली, फोन उचलला, दोन्ही हातांनी छातीशी धरून पेटीपर्यंत नेला आणि बापाच्या चेहऱ्यासमोर धरला. इतकी वर्षं ती पर्लिताला आत्या म्हणत आली होती.

‘मानांग,’ ती म्हणाली. थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. ‘बोल. आम्ही थांबलोय.’

पडद्यावर पर्लिता पुन्हा उठून उभी राहिली होती. तिने हात जोडले, श्वास घेतला. दुंग-आवमध्ये पहिला शब्द हाकेचाच असतो. आपण कोण आणि गेलेला आपला कोण, ते आधी सांगायचं, मग दुःख सांगायचं. सगळं चर्च त्या शब्दाची वाट बघत होतं.

‘मानोंग,’ पर्लिता म्हणाली.

आणि थांबली. मान हलवली. पुन्हा तोंड उघडलं.

‘मानोंग.’

तिने ओठांवर हात ठेवला. पुन्हा एकदा प्रयत्न केला, आणि या वेळी नुसता ‘त’ आला, पुढे काही येईना. तिच्या नवऱ्याने मागून तिच्या खांद्याला धरलं.

‘येत नाहीये,’ ती लहान पोरीसारखं म्हणाली. ‘वहिनी, मला येतच नाहीये. तोंडात बसतच नाही. आता काय करू?’

लिओनिदा बाकावरून पेटीपर्यंत कशी आली ते तिला आठवत नाही. पेटीच्या काचेवर डोळ्यातलं पाणी पडू द्यायचं नसतं, जाणाऱ्याचा पाय जड होतो. तिने रुमाल गालाला दाबून धरला आणि काचेवर वाकली. बसलेल्या घशातून जसा निघाला तसा हेल काढला.

‘एन्सियो, ऐकतोस ना रे. तुझी थोरली लेक आलीय. ती हाक चुकीची मारतेय, तिचा दोष नाही, आपणच शिकवलीय. शब्दाकडे बघू नकोस, एन्सियो. तू ओ दे. पोर केव्हाची हाका मारतेय, तू ओ दे तिला.’

पुरिंगने पहिल्यांदाच तोंडाला रुमाल लावला, त्यामुळे पुढचा हेल धरायला कुणी उरलं नाही. रोहेलियोने आईच्या पाठीवर हात ठेवला. आयलीनचे हात भरून आले होते, पण तिने फोन खाली घेतला नाही. आणि पलीकडे, बकार्रातल्या त्या घरात, पर्लिता मानोंग, मानोंग म्हणत बापासाठी रडत राहिली.